एका हातचा घास

कुत्र्याची तब्येत डोळ्यांनी बघायची नसते, हातांनी बघायची असते, असं मावशीचं ठाम मत होतं. सकाळी उजाडता उजाडता ती चौघांना एकेक करून समोर उभं करायची आणि बरगड्यांवरून सपाट पंजा फिरवायची. बरगडी हाताला लागली पाहिजे, पण डोळ्याला दिसता कामा नये. लागली नाही तर कुत्रं सुस्तावलंय, दिसली तर आपलं कुठेतरी चुकलंय. मग कान उलटे करून गोचीड शोधायची, पायांच्या गाद्या बघायची, नखं बघायची आणि शेवटी ओठ वर करून हिरड्या. हिरड्या गुलाबी दिसल्या की "हं" म्हणायची. तिच्याकडून कौतुक म्हणून तेवढंच मिळायचं आणि चौघांनाही ते दिवसभर पुरायचं.

ही चौघं औषधांच्या एका मोठ्या गोदामाची राखण करायची. उंच भिंत, भिंतीवर काटेरी तार, आत लांबच लांब तीन शेड. त्यांच्यातली ठिणगी सगळ्यांत लहान, तीन वर्षांची, तिचे पाय जमिनीला टेकलेले कुणी फारसे पाहिले नव्हते. सुतळी लांबुडकी आणि किडकिडीत. भोपळ्या हा एकुलता एक नर, त्यानं नुसता वास घेतला तरी अंगाला लागायचं. आणि म्हातारी, दहा वर्षांची. ती आता धावायची नाही, पण बाकीची तिघं तिला विचारल्याशिवाय भुंकायचीही नाहीत.

भिंतीला लागून आतल्या बाजूला मावशीच्या दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर कुत्र्यांची जाळी. मावशी कुत्र्यांना दिसायची, कुत्री मावशीला दिसायची. पहिल्यापहिल्यांदा तिला वाटायचं, बरं झालं, लक्ष राहतं. कोण कुणावर लक्ष ठेवतंय, हा प्रश्न फार उशिरा पडला.

सकाळी भिंतीच्या कडेनं चार फेऱ्या. मावशी सायकलवर आणि तिघं बाजूनं. चोपन्नाव्या वर्षी बाई सायकल मारते म्हणून ट्रकवाले हसायचे, पण तिच्या बरोबरीनं एक फेरी मारायची कुणाची छाती नव्हती. मग तासभर विसावा, पाणी घोटघोट. धावून आलेल्या पोटात लगेच अन्न पडलं तर पोट पिळतं, आणि पिळलेलं पोट संध्याकाळ बघू देत नाही. साडेसातला चार ताटल्या. मांसाचा खिमा, मऊ भात, उकडलेला भोपळा, एक अंडं. भोपळ्याला भात कमी, म्हातारीचं सगळं कालवून लोण्यासारखं, ठिणगीला दुप्पट. भोपळ्याला भोपळा घालताना मावशीला रोज हसू यायचं.

ताटल्या मांडल्या की कुणी हलायचं नाही. मावशी हात जोडायची, डोळे मिटायची आणि दोन ओळी गायची.

देणाऱ्याचं नाव आधी, मग घास ओठी,
तोच जागा बसला आहे भुकेच्या पाठी.

शेवटच्या शब्दावर आवाज खाली उतरला की चार तोंडं चार ताटल्यांत. त्याआधी नाही. भोपळ्याची लाळ दोरीसारखी जमिनीपर्यंत पोचायची, पण तोंड ताटलीपर्यंत जायचं नाही. फाटकावरचे काका हे बघून एकदा म्हणाले होते, "मावशी, एवढा संयम माझ्यात असता तर माझी बायको रुसून बसली नसती."

"तुमच्यासाठी वेगळी ओळ रचावी लागेल काका. दोन ओळींत भागायचं नाही."

ती त्यांची मावशी नव्हती, ते तिचे काका नव्हते. चौदा वर्षं एकाच भिंतीच्या आत नोकरी करून दोघांनी हे नातं आपसांत ठरवून टाकलं होतं.

कुणी पाहुणा हे दृश्य बघायचा तर त्याचे डोळे भरून यायचे. मुकी जनावरं, पण देवाचं नाव घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत! भक्ती होतीच, खोटं कशाला बोला. मावशी मनापासून गायची. पण त्या भक्तीच्या आतल्या बाजूला एक कडी होती. ती कुणी घातली ते सांगायला नऊ वर्षं मागे जायला हवं.

तेव्हा इथे तांबडी नावाची कुत्री होती. एका सकाळी भिंतीवरून कुणीतरी मांसाचा तुकडा टाकला. तांबडीनं तो खाल्ला आणि डॉक्टर येईपर्यंत मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. शेवटपर्यंत शेपूट हलवत होती. मावशी रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं उरलेल्यांना शिकवायला घेतलं. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. जमिनीवर पडलेलं खायचं नाही. ही ओळ, हा आवाज, हा हात, याखेरीज जगात अन्नच नाही. काकांनी तुकडे पुढे केले, झाडूवालीनं केले, मॅनेजरसाहेबांनी केले. जो कुत्रा मान वळवेल त्याला मावशीच्या हातचा घास, जो तोंड पुढे करेल त्याच्या कानाशी पत्र्याचा डबा दाणकन. आठ महिने लागले. तेव्हाच्या कुत्र्यांतली आता फक्त म्हातारी उरली होती. नंतर आलेली तिघं तिच्याकडे बघूनच शिकली.

आणि ती ओळ? ती ओळ खरं तर लेकीची.

मावशीची लेक लहानपणी जेवायला फार छळायची. तोंड घट्ट मिटून बसायची. तेव्हा मावशीनं ही ओळ रचली होती. "भुकेच्या पाठी" म्हणताना लेकीच्या पाठीवर हलकी थाप, की तोंड उघडायचंच. कुत्र्यांसाठी कुठलीतरी खूण हवी होती, कुठल्याही चोराला ठाऊक नसलेली, तर तोंडात तीच आली. लेक तेव्हा एकोणीस वर्षांची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. म्हणाली, "आई, ती माझी होती ना?"

"अगं घोडे, तुला आता घास भरवायचाय का?"

लेक हसली. मावशीही हसली. ते हसू कुठे जाऊन रुतलं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

कडी लागल्याचा पत्ता मावशीला पहिल्यांदा तापात लागला. अंगात कणकण, उठवत नव्हतं, तर काकांनी ताटल्या ठेवल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मावशी भिंत धरत धरत बाहेर आली, घोगऱ्या आवाजात गायली, आणि मगच जेवणं झाली. तेव्हा तिला अभिमान वाटला होता. काम चोख झालं म्हणून.

मग हळूहळू तिचं जग मोजून मिळायला लागलं. सकाळची ताटली साडेसातला, संध्याकाळची पाचला. मधे साडेनऊ तास. साडेनऊ तासांत जाऊन परत येता येईल तेवढंच जग. संध्याकाळच्या ताटलीपासून सकाळच्या ताटलीपर्यंत धरलं तर साडेचौदा. लेक लग्न करून गेली ते गाव बसनं आठ तासांवर. जायचे आठ, यायचे आठ. नुसतं उंबऱ्यावरून लेकीचं तोंड बघून मागे फिरलं तरी ताटली चुकत होती.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला ती निघाली होती. पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत गेलीही. बसला उशीर होता. पाच वाजून गेल्यावर काकांचा फोन आला, "शिवत नाहीत हो मावशी. सगळीच फाटकाकडे तोंड करून बसलेत." मावशी उठली आणि परत आली. नात जन्मली ती फोनवर. चार महिन्यांची झाल्यावर लेक तिला घेऊन आली, तेव्हा पहिल्यांदा हातात घेतली. बोलायला लागल्यावर नातीनं मावशीचं नाव ठेवलं, फोनमधली आजी.

आता लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. नववा लागला तसा तिचा फोन आला.

"आई, डॉक्टर म्हणतायत तीन आठवडे."

"पोटात हलतंय ना नीट? पाय सुजलेत का? मीठ कमी कर."

"ते सगळं करते. तू येतेस का, एवढंच विचारायचंय."

मावशीची नजर खिडकीतून जाळीकडे गेली. चौघं तिच्याकडे बघत होती.

"बघते गं काहीतरी."

"मागच्या वेळी पण तू बघत होतीस." लेक पुढे म्हणाली, "मी भांडत नाहीये. मला भांडायला दमच नाही आता. पण यावेळी नाही आलीस तर मी परत बोलावणार नाही. रागानं नाही हं. सवय होईल म्हणून."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मावशी मोबाइल तसाच हातात धरून बसली. ओट्यावर भोपळा उकडून उकडून त्याचा लगदा झाला.

मॅनेजरसाहेबांनी रजा सहज दिली. "जा की मावशी, चौदा वर्षांत एक रजा नाही. फक्त कुत्री ठणठणीत राहिली पाहिजेत." दार उघडं होतं. कुणी अडवत नव्हतं. त्यामुळेच जास्त गुदमरायला झालं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. आधी मोबाइलवर ओळ गाऊन घेतली. काकांनी ताटल्या ठेवून मोबाइल लावला. ठिणगी उठली, मोबाइलच्या मागे जाऊन आली, त्याच्या खाली नाक घालून आली, आणि फसवणुकीची तक्रार करावी तशी म्हातारीकडे जाऊन बसली. मग काकांनी मावशीचा स्वयंपाकाचा एप्रन घातला. त्याला मांसाचा, हळदीचा, मावशीचा सगळा वास. दोन्ही हात जोडून काका गायले.

"काका, तुम्ही गाताय की ट्रक मागे घेताय?" मावशी ओरडली.

"तुम्ही लांब उभ्या राहा हो! तुम्ही दिसलात की मला सूर सापडत नाही."

"सापडायला तो आधी असावा लागतो."

भोपळ्याची लाळ गळत होती. तरी त्यानं मान वळवली. अगदी सभ्यपणे, पोट भरलेला पाहुणा वळवतो तशी. मग मावशीनं काकांच्या हातावर हात ठेवून ताटली पुढे केली. तेव्हा खाल्लं. हात काढला, थांबले. असे पंधरा दिवस गेले. मावशी रोज एक पाऊल मागे सरकायची आणि रोज ती चौघं मान वळवून तेवढीच तिच्याकडे बघायची.

जनावरांच्या डॉक्टर लसीसाठी आल्या तेव्हा ही तालीम चालू होती. बाई फटकळ पण मायेची. चौघांना तपासून म्हणाल्या, "यांच्यात काही खोट काढता येत नाही, म्हणून इथे आले की मला कसंतरीच होतं. काय चाललंय हे?"

मावशीनं सांगितलं.

"मागच्या वेळी किती उपाशी राहिली होती?"

"एक वेळ."

"मग?"

"मग मी परत आले."

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. "एक वेळ? मावशी, दवाखान्यात गर्दी असली की एक वेळ मी रोज उपाशी असते. तुम्ही कधी वाट बघितलीच नाही?"

मावशी सुतळीचा कान उलटा करून गोचीड शोधायला लागली.

"धडधाकट कुत्रं पाणी पीत असलं तर दोन-तीन दिवस काढतं. पळवू नका, नुसतं चालवा. पाणी ताजं ठेवा. म्हातारीला मी दुसऱ्या दिवशी येऊन बघीन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणीच खाल्लं नाही तर मला बोलवा, मग मी आणि ती." मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि एक सांगू? ती काकांकडे बघतच नाहीत. ताटली काकांच्या हातात असली की तुम्ही श्वास रोखता. ती तुमचा श्वास बघत बसतात."

त्या संध्याकाळी काकांनी ताटली उचलली तेव्हा तिनं स्वतःकडे लक्ष दिलं. खरंच छाती गच्च झाली होती. खाऊ नका रे, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. तिला स्वतःचीच भीती वाटली. इतकी वर्षं ती कडी बाहेरून शोधत होती.

सोमवारी सकाळी जावयाचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात नेतोय."

मावशीनं सकाळच्या ताटल्या मांडल्या, गायली, चौघं जेवली. मग तिनं भिंतीवर कागद चिकटवला. सुतळीच्या मागच्या पायाची भेग, तेल लावणे. म्हातारीला उन्हात बसू न देणे. काकांनी कागद वाचला आणि म्हणाले, "यात माझी काळजी कुठेच नाही."

"तुम्हाला गोचीड नाहीत ना? मग बरे आहात."

फाटकाबाहेर पडताना तिनं मागे पाहिलं नाही. भुंकण्याचा आवाज आला असता तर पावलं सोपी झाली असती. कुणी भुंकलं नाही.

बसमध्ये शेजारच्या बाईनं डबा पुढे केला. "घ्या ना."

"नको, खाऊन निघालेय," मावशी म्हणाली. ती खाऊन निघाली नव्हती. चौदा वर्षांत ती सकाळी कुत्र्यांच्या ताटल्या धुवून झाल्यावरच स्वतःचं पान घ्यायची, आणि आज ताटल्या धुवायला काका होते. पान घ्यायचं राहून गेलं. पाच वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला.

"नाही," काका म्हणाले.

"पाणी?"

"पाणी प्यायली. ठिणगीनं तुमच्या खिडकीखाली खड्डा खणलाय."

दवाखान्यात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. लेकीनं तिला बघितलं आणि हात पुढे केला. त्या हाताला घाम होता. मावशीनं तो धरला. कळा येऊन जायच्या आणि मधे लेक डोळे मिटून विचारायची, "आहेस ना?" मावशी म्हणायची, "आहे." ती होतीच. आणि त्याच वेळी ती आठ तास मागे, जाळीसमोरही उभी होती. माणसाला देवानं दोन हात दिले, पण दोन ठिकाणी उभं राहायचं बळ दिलं नाही.

मंगळवारी दुपारी मुलगा झाला. तीन किलो वजन, रडणं खणखणीत. मावशीनं त्याला हातात घेतलं आणि सवयीनं तिची बोटं त्याच्या इवल्या बरगड्यांवरून गेली. मग हिरड्या बघितल्या.

"हं," ती म्हणाली.

जावई हसू दाबत म्हणाला, "पास ना आई?"

काकांचे फोन येत राहिले. मंगळवारी सकाळी नाही. संध्याकाळी नाही. डॉक्टर येऊन म्हातारीला बघून गेल्या होत्या, ठीक आहे म्हणाल्या. काका म्हणाले, "माझ्याच्यानं बघवत नाही हो. ताटली ठेवली की चारी माझ्या पाठीमागे बघतात, तुम्ही कुठून येताय ते. मी पण बघतो आता." बुधवारी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन आला, तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा उरली नव्हती. "सुतळीच्या बरगड्या दिसायला लागल्यात."

दिसायला लागल्या. मावशीनं फोन ठेवला आणि पिशवी भरली. एक वाजता बस होती. नऊपर्यंत पोचली असती. ती रडत नव्हती, कुणावर चिडली नव्हती. तिच्या पायांना जो रस्ता ठाऊक होता त्या रस्त्यानं ते निघाले होते, इतकंच.

खोलीत लेक उशीला टेकून बसली होती. बाळ झोपलेलं. नात खुर्चीवर पाय हलवत होती. जावई घरून डबा आणून ठेवून औषधं आणायला गेला होता. लेकीची नजर पिशवीवर गेली.

"किती वाजताची?"

"एकची. अगं, मी परत येईन ना. चार दिवसांत सगळं मार्गी लावून..."

"आजी जेवतच नाही," नात मधेच म्हणाली. "काल पण बाबांनी डबा दिला तर तिनं उघडलाच नाही. मी बघितलं. नुसता चहा पिते."

"चहाड्या करतेस होय गं?" मावशी म्हणाली.

लेकीनं मावशीकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "इकडे ये. जवळ ये."

मावशी पलंगापाशी गेली. लेकीनं सपाट पंजा तिच्या कुशीवर ठेवला आणि वरून खाली फिरवला. वर्षानुवर्षं खिडकीतून बघितलेला हात होता तो.

"लागतात," लेक म्हणाली. "अजून दिसत नाहीत. ओठ वर कर."

"चल, काहीतरीच!"

"कर म्हटलं ना."

मावशीनं कसनुसं हसत ओठ वर केला. लेक हसली नाही. "पांढऱ्या पडल्यात. कधीपासून जेवली नाहीस?"

"सोमवार..." मावशीला स्वतःलाच आठवायला वेळ लागला. "अगं, गडबडीत राहून गेलं."

"राहून गेलं नाही. तिकडे ती जेवली नाहीत म्हणून तू जेवली नाहीस." लेकीचा पंजा अजून कुशीवरच होता. "त्यांना तू डबा वाजवून शिकवलंस, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. तुला कुणी शिकवलं गं आई?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. बसस्टँड दहा मिनिटांवर. पिशवी हातात होती.

लेकीनं डबा ओढून घेतला. झाकण काढलं. भात होता, वरण होतं. तिनं घास कालवला, हात पुढे केला आणि थांबली. मावशीचं तोंड मिटलेलंच होतं. तिनं ठरवून मिटलं नव्हतं. ते उघडतच नव्हतं.

मग लेक गायली. दोन दिवस ओरडून ओरडून गळा बसलेला, सूर फाटका, बाळ जागं होऊ नये म्हणून अगदी हळू.

देणाऱ्याचं नाव आधी, मग घास ओठी,
तोच जागा बसला आहे भुकेच्या पाठी.

शेवटच्या शब्दाला तिचा डावा हात मावशीच्या पाठीवर पडला. हलकी थाप.

पिशवी खाली पडली. मावशीनं तोंड उघडलं. चोपन्न वर्षांची बाई, पण त्या घासाला तिनं मान जशी पुढे केली, ती कुणी बघायला नको होती. नात बघत होती, टक लावून.

मोबाइल वाजला.

मावशीचा हात उठला. तोंडात घास होता. ती चावत राहिली आणि हात तसाच हवेत राहिला. लेकीनं दुसरा घास कालवायला घेतला. निर्णय तिनं आईवर सोडला होता, आणि तिची बोटं भातात एकाच जागी फिरत होती.

"वाजू दे," मावशी भरल्या तोंडानं म्हणाली.

पण नातीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं उडी मारून मोबाइल कानाला लावला. "हॅलो? हो, मीच. आजी जेवतेय. आईच्या हातानं जेवतेय." मग ती ऐकत राहिली. "थांबा, विचारते." तिनं मोबाइल छातीशी धरला. "आजी, काका विचारतात, रिकामी ताटली धुवायची, की तू येईपर्यंत तशीच ठेवायची?"

मावशी चावायची थांबली.

"रिकामी? कुणाची?"

"कुणाची हो काका?... म्हातारीची म्हणतात. ते म्हणाले, दुपारी परत ताटल्या ठेवल्या, मी दमून गेलो आणि पाठ करून बसलो, गाणं पण म्हटलं नाही, आणि मागे चाटल्याचा आवाज आला. बाकीच्या तीन भरलेल्या आहेत. ती तिघं आता म्हातारीकडे बघत बसलीत."

म्हातारीकडे. मावशीकडे नाही, फाटकाकडेही नाही. ती तिघं तिच्याकडे बघूनच शिकली होती.

मावशीचे डोळे भरून आले. आनंद होता, पण त्या आनंदाच्या तळाशी एक पत्र्याचा डबा दाणकन वाजला. आता कुणाच्याही हातचं खाल्लं तर? आता भिंतीवरून पुन्हा कुणी काही टाकलं तर? तिचं मन उठलं, बसस्टँडपर्यंत गेलं, तिथे उभं राहिलं. भिंत एवढ्यानं पडत नाही. तिला फक्त एक फट पडली होती, म्हाताऱ्या कुत्रीच्या जिभेएवढी.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. पावणेएक.

लेकीचा हात समोर होता, दुसरा घास घेऊन. एका दिवसाच्या बाळंतिणीचा हात.

"धुवून टाका म्हणावं," मावशी म्हणाली. "गरम पाण्यानं. आणि ती तिघं जेवेपर्यंत तिथून उठू नका म्हणावं. पाठ करूनच बसा."

एवढं बोलून ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि तिनं तोंड उघडलं.